आंबट पाण्याचा खलाशी

लटारीभाऊ पाणी चाखायचे. प्यायचे नाहीत, चाखायचे. खाणीच्या तळाशी पाण्याचा हौद होता. त्याच्या काठावर उकिडवं बसून ते उजव्या हाताची करंगळी पाण्यात बुडवत, जिभेच्या टोकाला लावत, डोळे मिटून क्षणभर थांबत आणि मग बाजूला थुंकून जाहीर करत, "आज जास्त हाय." एखाद्या दिवशी, "आज बरं हाय." यापेक्षा मोठा अहवाल त्यांनी कधी दिला नाही आणि हा अहवाल कधी चुकला नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच अवस्थेत. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. पुण्याचा डिप्लोमा आणि नवीकोरी खाकी हॅट घेऊन मी चांद्याजवळच्या एका कोळशाच्या खाणीत असिस्टंट इंजिनियर म्हणून रुजू झालो होतो. पहिल्याच दिवशी लोखंडी पिंजऱ्यातून खाली उतरलो, पंपघरात शिरलो, तर समोर पन्नाशीच्या घरातला, काटक, उघड्या अंगाचा एक माणूस काळ्या पाण्यात बोट घालून चाटतोय. हाच इथला मुख्य पंप-खलाशी, म्हणजे पंप चालवणारा, असं मला सांगण्यात आलं. मला वाटलं, माणूस वेडा आहे. त्यांना वाटलं, साहेब कोरा आहे. दोघांपैकी त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

माझ्या तोंडावरची शंका त्यांनी वाचली असावी. "चाखून पाहा, सायेब. बिमार नाई पडत," ते म्हणाले. बाकीचे खलाशी गालातल्या गालात हसत होते, तेव्हा माघार घेणं शक्य नव्हतं. मी बोट बुडवलं. पाणी चिंचेच्या कोळासारखं आंबट होतं आणि मागाहून जिभेवर खिळा ठेवल्यासारखी चव राहिली. त्या कोळशात पिवळी, चमकणारी गंधकाची खडी असे. तिला हवा-पाणी लागलं की तेजाब, म्हणजे ॲसिड, तयार होतो आणि तो लोखंड खातो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर चांगले मार्कही मिळवले होते. पण त्या तेजाबाला चव असते आणि ती रोज बदलते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

लटारीभाऊंची जीभ हे खाणीतलं सगळ्यात जपलेलं हत्यार होतं. त्या भागात कमरेला तंबाखूची चंची नसलेला माणूस शोधून सापडत नसे. बाया खात, बापे खात, मॅनेजरसाहेबांचा ड्रायव्हर तर गाडी चालवताना चुना मळायचा. लटारीभाऊ तंबाखूला शिवत नसत. स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा विडा त्यांनी नुसता हातात धरला आणि व्याह्यांची नजर चुकवून खिशात टाकला, असं त्यांची बायको सांगायची. भाजीत तिखट बेतानंच घालावं लागे आणि "आमच्याकडच्या बाप्याले दूधभात लागते" असं सांगावं लागे, म्हणून ती बिचारी बहिणीबहिणींत चेष्टेचा विषय झाली होती. लटारीभाऊंना त्याचं काही वाटत नसे. "तुमचा कंपास तुमी मातीत टाकता काय?" ते मला विचारत.

ते मूळचे सावलीकडचे. वैनगंगेजवळ घरची धानाची शेती होती, ती भावांनी सांभाळली आणि हे तरुणपणी खाणीत आले. त्यांच्या बोलण्यात खाणीतलं पाणी हे कायम एखाद्या हट्टी नातेवाइकासारखं यायचं. पाइप फुटला असं ते कधी म्हणत नसत, पाइप खाल्ला म्हणत. "काल रातच्या पाळीले दोन बोल्ट खाल्ले त्यानं." "आज त्याची भूक कमी हाय." चिडून मात्र बोलत नसत. धान पिकवणाऱ्या घरातल्या माणसाला पाण्याचा राग येणं कठीण असावं. "त्याचा सोभावच तो, सायेब. त्याले जागा दिसली का ते येते. आपन इथी भोक पाडलं, त्यानं नाई." हे ऐकून मला वाटायचं, हा माणूस नेमका कोणाच्या बाजूने आहे?

आता अडचण सांगतो. खाणीत कोळशाचे दोन थर होते. वरचा हलका, खालचा उत्तम. खालच्या थरात चारी बाजूंनी पाणी झिरपायचं. ते हौदात जमायचं आणि पंप ते बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाइपांच्या उभ्या लाइनीतून वर फेकायचा. पंप दिवसरात्र चालला तरच खालचा थर कोरडा. आणि ते आंबट पाणी पाइपांना आतून असं खायचं की नवा पाइप सात-आठ महिन्यांत चाळण होऊन जाई. मग पाचर ठोका, पट्ट्या आवळा, चिंध्या गुंडाळा, नवा पाइप मागवा. इंग्रजांच्या अमलापासून हाच खेळ चालला होता.

या खेळात एक प्रथा होती. वरून तपासणीचे साहेब येणार असले की सगळी लाइन बाहेरून डांबराने रंगवायची. काळी कुळकुळीत लाइन पाहून साहेब खूश होत आणि वहीत शेरा लिहून जात. मी आल्यावर ही प्रथा मी शास्त्रशुद्ध केली. आधी तारेच्या ब्रशने घासणे, मग गरम डांबराचे दोन हात, मग वाळल्यावर तिसरा. आठ दिवस मी स्वतः शिडीवर उभा होतो. लटारीभाऊंनी काही म्हटलं नाही. डांबराची बादली खाली-वर करायला मात्र मदत केली. तिसरा हात वाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी लाइन मधोमध फुटली. बाहेरून डांबर इतकं सुंदर बसलं होतं की पाइपाचा तुकडा हातात आला तेव्हा डांबराची साल जाड आणि लोखंडाची पातळ निघाली.

तेव्हा ते बोलले. "चोर घरात बसला हाय, सायेब, अन् आपन कुंपनाले काटे लावून राह्यलो."

मी विचारलं, हे आठ दिवसांपूर्वी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुमी इचारलं काऊन नाई?" त्या दिवसापासून मी विचारू लागलो. माझ्या नोकरीतला खरा पहिला दिवस मी तोच धरतो.

त्या हिवाळ्यात कंपनीच्या मोठ्या कचेरीतून पत्र आलं. मॅनेजरसाहेब उंच, अबोल, खाणीत आयुष्य घालवलेले गृहस्थ होते. त्यांनी मला आणि लटारीभाऊंना ऑफिसात बोलावून पत्राचा अर्थ सांगितला. पाइपांची एक नवी खेप निघाली आहे, ती शेवटची. यानंतर या खाणीला पाइप मिळणार नाहीत. ही लाइन नेहमीप्रमाणे आठ महिन्यांत गेली, तर पंप काढून घ्यायचा, माणसं वर घ्यायची आणि खालचा थर पाण्याला सोडून द्यायचा. चांगला कोळसा बुडाला तरी चालेल.

कोळसा बुडाला तरी चालेल, पण खालच्या थरात काम करणारी माणसं म्हणजे खाणीची जवळजवळ अर्धी चाळ होती. वरच्या थरात त्या सगळ्यांना काम नव्हतं. ऑफिसातून बाहेर पडल्यावर लटारीभाऊ माझ्याबरोबर पिंजऱ्यापर्यंत चालत आले. मग म्हणाले, माझी दोन कामं करा. उद्या माझ्याबरोबर खाली जुन्या बोगद्यात चला आणि येताना चाकू आणा.

तो बोगदा इंग्रजांच्या काळात खोदून सोडून दिलेला. घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही आत गेलो. छताला आधार देणारे सागवानी खांब दोन्ही बाजूंना उभे होते. लटारीभाऊंनी दिवा जवळ नेला. खांबांना पूर्वी लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. त्यांच्या जागी आता तांबड्या चिखलाचे नुसते डाग उरले होते. "आता चाकू घाला," ते म्हणाले. मी पाण्याच्या पातळीवर, खांबाच्या सगळ्यात काळ्या जागी चाकू खुपसला. पातं जेमतेम नखभर शिरलं आणि अडलं. आत लाकूड पिवळंजर्द, घट्ट. त्याच पाण्यात ते माझ्या जन्माच्या आधीपासून उभं होतं.

"लोखंड खाते अन् लाकूड खात नाई," लटारीभाऊ म्हणाले. "मंग त्याले लोखंडाची भेट काऊन द्यायची? बाहेरून लोखंड राहू द्या, जोर सहन कराले. आतून लाकूड लावा, पान्यासाठी."

मी तिथेच उभा राहून हिशेब केला. बिडाच्या पाइपात आतून सागाच्या उभ्या पट्ट्यांचं अस्तर लावायचं. पाइपाचं तोंड लहान होईल, पाणी कमी जाईल, पंपाला जास्त वेळ चालावं लागेल, पण जमेल. वर येईपर्यंत मला ही कल्पना माझीच वाटू लागली होती, हे कबूल करतो. मॅनेजरसाहेबांनी नव्या खेपेतले दोन पाइप प्रयोगाला दिले. मी रात्रंदिवस बसून नकाशा काढला. प्रत्येक पट्टीचं माप, प्रत्येक पट्टीचा उतार, आणि खाली ठळक अक्षरात सूचना, की दोन पट्ट्यांमध्ये सुईसुद्धा जाता कामा नये.

लटारीभाऊंनी नकाशाकडे पाहून विचारलं, "लाकडाले जरा जागा ठेवाची काय?" मी म्हटलं, जागा ठेवली तर तिथूनच पाणी लोखंडापर्यंत जाईल, मग उपयोग काय? माझ्या बोलण्यात तर्क होता. त्यांच्याकडे नुसती शंका होती. डिप्लोमा जिंकला. खाणीतल्या सुतारांनी खडखडीत वाळलेल्या सागाच्या पट्ट्या लाकडी हातोड्याने ठोकठोकून बसवल्या. खरंच सुई जात नव्हती. मी सुई आणून पाहिली होती.

दोन्ही पाइप लाइनीत बसले. चौथ्या दिवशी दुपारच्या पाळीला पंपघरात धाडकन आवाज झाला आणि एक पाइप वरपासून खालपर्यंत उभा तडकला. लाकडाने पाणी प्यायलं, ते फुगलं, पसरायला जागा मिळाली नाही, म्हणून त्यानं बीड फोडलं. मी धावत पोचलो तेव्हा लटारीभाऊ अंगावर पाण्याचा लोट घेत झडपेचं चाक फिरवत होते. झडप बंद झाली तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. पुढच्या सोळा तासांत आम्ही जुने पाइप जोडून कसाबसा पंप चालू केला.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, चूक कोणाची? मी तोंड उघडायच्या आत लटारीभाऊ म्हणाले, "लाकडाचं मीच सांगतलं व्हतं, सायेब." आणि मी गप्प राहिलो. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. क्वार्टरवर गेलो, जेवण गेलं नाही, तासाभराने परत ऑफिसात गेलो आणि सांगितलं की लटारीभाऊंनी जागा ठेवायला सांगितली होती, मी ऐकलं नाही. साहेबांनी फाइलवरून मान न उचलता म्हटलं, मला ठाऊक आहे. नकाशावर सही तुमची आहे.

मग त्यांनी लटारीभाऊंना परत बोलावलं आणि माझ्यादेखत त्यांनाच विचारलं, हे जमेल का?

"लाकूड बरोबर हाय," लटारीभाऊ म्हणाले. "बसोनं चुकलं. बसोनारा माणूस मले ठावं हाय."

तो माणूस म्हणजे वरोऱ्याचे हबीबमिस्त्री. वरोरा कापसाचा बाजार. हंगामात तिथे बैलगाड्यांची रांग लागे आणि त्या गाड्यांची चाकं पिढ्यानपिढ्या मिस्त्रींच्या घरात बनत. लटारीभाऊंचे वडील तिथूनच चाकं नेत असत. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने गेलो. मिस्त्री साठीचे, मेंदी लावलेली दाढी, जाड चष्मा. माझा नकाशा त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला, सुईची सूचना मी वाचून दाखवली आणि ते खोकला लागेपर्यंत हसले.

"बाबू, लकडीले बी प्यास लागते," ते म्हणाले. "पिवाले जागा नाई ठेवली तर ते घर तोडनच." मग त्यांनी बाजूला पडलेलं एक पोस्टकार्ड उचललं, चाकाच्या दोन आऱ्यांच्या मध्ये धरलं आणि म्हणाले, या कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची. पट्टी हाताने निघेल अशी सैल बसवायची. घट्ट करायचं काम आपलं नाही, पाण्याचं. ते फुगवेल आणि तेच अडकवेल, मग कोणाच्या बापाला निघणार नाही.

मी लटारीभाऊंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची सभ्यता. पण गाडीत बसल्यावर ते स्वतःशीच हसत होते, ते मला खिडकीच्या काचेत दिसलं.

हबीबमिस्त्री आपली हत्यारं घेऊन खाणीवर आले. जमिनीखाली उतरायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. जिवंतपणी खाली जायची मला घाई नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर, शेडच्या सावलीत काम सुरू झालं. आलापल्लीच्या जंगलातून आलेला जुना साग मिस्त्रींनी एकेक फळी ठोकून, वास घेऊन निवडला. प्रत्येक पट्टी दोन्ही कडांना तिरपी तासायची, मध्ये पोस्टकार्ड धरायचं, शेवटची पट्टी हाताने सरकवायची. पाइपांच्या वाकणात लाकूड बसेना, तिथे शिशाचा पत्रा ठोकला. अस्तर लागलेल्या पाइपांवर ओली पोती घालून ठेवायचं काम चाळीतल्या बायांनी आपणहून उचललं. उन्हाळा कडक होता, उन्हाने लाकूड तडकून चालणार नव्हतं, आणि कशासाठी काय चाललंय हे त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं. माझ्याकडे काम होतं पोस्टकार्डं पुरवायचं. घरून आलेली सगळी पत्रं त्यात गेली. वडिलांनी माझ्या लग्नासाठी सुचवलेल्या दोन स्थळांची सविस्तर माहिती बहुधा अजून त्या लाकडांच्या भुशात कुठेतरी असेल.

मृग नक्षत्र लागायच्या आठवडाभर आधी लाइन पूर्ण झाली. जादा पाइप एकही उरला नव्हता. सकाळी पंप सुरू करायचा ठरला. मॅनेजरसाहेब खाली आले. पाळी सुटलेली माणसंही घरी न जाता पंपघराबाहेर उभी राहिली. लटारीभाऊंनी खटका ओढला, पाणी वर चढलं आणि सगळी लाइन खडखडायला लागली. आतल्या शेकडो सैल पट्ट्या पाण्याच्या जोराने एकमेकींवर आपटत होत्या. कोणी मडक्यात गोटे भरून हलवावेत असा तो आवाज. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पंप थांबवा म्हणायला मी तोंड उघडलं, तर लटारीभाऊंनी हाताने खूण केली, थांबा.

त्यांनी पाइपाला कान लावला आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. अर्धा तास गेला. तास गेला. खडखड चालूच. मग मला भास झाला की आवाज किंचित कमी झालाय. मागच्या माणसांपैकी कोणीतरी श्वास सोडला, तेव्हा कळलं की भास मला एकट्याला झालेला नाही. खालच्या पाइपाचा आवाज आधी थांबला, मग त्याच्या वरच्याचा, मग त्याच्याही वरच्याचा. वर कुठेतरी शेवटची एक पट्टी बराच वेळ टकटक करत राहिली आणि मग तीही थांबली. उरली फक्त पंपाची घरघर.

लटारीभाऊंनी कान काढला. त्यांच्या गालावर गंजाचा गोल वळ उमटला होता.

"पेली," ते म्हणाले. "आता बसली."

त्या पावसाळ्यात वर्धा नदी पात्र सोडून शेतात शिरली आणि खाणीत इतकं पाणी आलं की जुन्या खलाशांनीही तेवढं पाहिलं नव्हतं. रोज सकाळी पिंजऱ्यातून वर आल्यावर लटारीभाऊ मला चव सांगत. "आज जास्त हाय." दुसऱ्या दिवशी, "आजई जास्त हाय." सलग अठरा दिवस त्यांनी तेच सांगितलं. पंप चालत राहिला. पोळा झाला, दिवाळी झाली. आठवा महिना लागला तसा मी रोज सकाळी उठून आधी खाणीच्या तोंडाशी जाऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बघायचो, मग चहा. आठवा महिना संपला. नववा लागला. होळी झाली. लाइनीतून पाण्याचा एक थेंब गळला नव्हता.

मग मोठ्या कचेरीतून मुख्य इंजिनियर आले. त्यांना विश्वास बसत नव्हता, स्वतः पाहायचं होतं. पंप थोडा वेळ थांबवून सगळ्यात खालचा, सगळ्यात जास्त मार खाल्लेला पाइप सोडवला. अस्तर आतून काळंभोर झालं होतं. पट्टी हाताने निघायचं नाव घेईना. शेवटी एक पट्टी छिन्नीने फोडून काढावी लागली. तिच्या मागे दिवा धरला. बीड करड्या रंगाचं, गुळगुळीत, कारखान्यातून आलं तसंच. मुख्य इंजिनियरांनी रुमाल काढून ते बीड पुसलं आणि रुमाल उजेडात धरला. रुमाल पांढरा होता.

त्यांनी विचारलं, ही योजना कोणाची? या वेळी मी वेळ घालवला नाही. मी म्हटलं, यांची, आणि वरोऱ्याच्या एका चाकं बनवणाऱ्या मिस्त्रींची. माझा एक नकाशा होता, त्याने एक पाइप फोडला. मॅनेजरसाहेब, जे कधी हसत नसत, ते हसले. मुख्य इंजिनियरांनी हात पुढे केला. लटारीभाऊंनी आपला ओला हात धोतराला पुसून त्यांच्या हातात दिला, आणि मग सरळ त्यांना हौदाकडे घेऊन गेले. इतक्या लांबून आले तर एकदा चाखून जा, असा त्यांचा आग्रह. तीन जिल्ह्यांच्या खाणींवर हुकमत असलेला तो माणूस कोट सावरत उकिडवा बसला, त्याने पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याचं तोंड वाकडं झालं ते बघून सगळं पंपघर पोट धरून हसलं.

पत्र मागे घेतलं गेलं. तो निरोप चाळीत पोचला तेव्हा मी वरच होतो. कोणी घोषणा दिल्या नाहीत. बाया बाहेर आल्या, कोणीतरी ढोल काढला, आणि लटारीभाऊ पाळी संपवून पिंजऱ्यातून वर आले तेव्हा त्यांना माणसांनी खांद्यावर घेतलं. ते ओरडत होते, "अरे, उतरवा, पडीन मी." पडू कोण देतो? त्या गर्दीत मीही एका बाजूने खांदा दिला होता. माझ्या खांद्यावर इतकं हलकं ओझं पुन्हा कधी आलं नाही.

खालचा थर त्यानंतर काही वर्षं चालला. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत चालला. तोवर कंपनीने शेजारीच नवी खाण उघडली होती आणि खालची माणसं पाळीपाळीने तिकडे लागली. एक दिवस खालच्या थरातला कोळशाचा शेवटचा टब वर गेला. कोळसा संपला की पंप बंद करायचा, असा नियम. पंप बंद करण्याचं काम इंजिनियरचं, असाही नियम. लटारीभाऊ त्या महिन्याअखेर निवृत्त होऊन सावलीला जाणार होते. मी त्यांना म्हटलं, लटारीभाऊ, हे तुम्हीच करा.

आम्ही दोघंच खाली होतो. त्यांनी लाइनीवरून एकदा हात फिरवला. वरपासून खालपर्यंत तेच पाइप होते, एकही बदलावा लागला नव्हता. मग खटक्यावर हात ठेवून ते हौदाकडे वळले.

"इतके साल तुले थांबोलं," ते पाण्याला म्हणाले. "आता घे. आमी आमचं सारं नेलं."

त्यांनी खटका ओढला. मी त्या पंपघरात अशी शांतता पहिल्यांदाच ऐकली. थोड्या वेळाने हौदाच्या कडेशी पाणी चढल्याचा बारीक आवाज आला, आणि लटारीभाऊ मोकळ्या गळ्याने हसले.